मोगऱ्याचा रोजा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर माझ्या तोंडून जैनबखालांचं नाव येतं. माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, यात कमीपणा वाटत नाही. कोरीटला, आमच्या गावच्या घरी पाहुणे आले की तेच सांगतात, "जलम आमी दिधा, पन मानूस खालानी बनाडा." खाला म्हणजे मावशी, पण नात्यानं त्या माझ्या कोणी नाहीत. त्यांचे यजमान रहीमचाचा नंदुरबारला गाद्या भरायचे. दिवाळीच्या आधी दादा घरच्या कापसाचं गाठोडं घेऊन त्यांच्याकडे जायचे. त्या ओळखीवर दहावीनंतर मी त्यांच्या अंगणातल्या खोलीत राहायला गेलो. रहीमचाचा पुढं लवकरच वारले. खाला राहिल्या, मी राहिलो, आणि तेलाच्या डब्यात लावलेला एक मोगरा राहिला.

तो मोगरा आता माझ्याकडे आहे. नवापूरला, वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीच्या गॅलरीत. हे लिहितो आहे तेव्हा त्याच्यावर एकही पान नाही. डब्यातून वर आलेल्या काटक्या, आणि खाली भेगाळलेली माती. कोणीही पाहिलं तर म्हणेल, फेकून द्या हो, मेलंय ते.

मी कृषी खात्यात नोकरी करतो. घरातल्या आणि परसातल्या झाडांवर एका स्थानिक साप्ताहिकात थोडंफार लिहितो. खाली माझा फोन नंबर असतो, त्यामुळं लोक फोन करतात. फोटो पाठवतात. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी आलंय, काय करू? कापडाचा बोळा साबणाच्या पाण्यात भिजवून पुसून काढा, मुंग्यांची वाट बंद करा. तुळस काळी पडली. मंजिऱ्या खुडता का? नाही? खुडा, बी धरलं की तिला वाटतं आपलं काम झालं. कुंडीतल्या गुलाबाला चहाची पावडर घालू का? घाला, पण धुऊन. साखरेसकट घालाल तर मुंग्यांचा संसार सुरू होईल. अशी माझी उत्तरं. पण दहांतल्या आठ फोनचं मूळ एकच निघतं. झाड पाण्यावाचून मरत नसतं, पाण्यानं मरत असतं. घरातली झाडं दुर्लक्षानं कमी जातात, मायेनं जास्त जातात.

गेल्या महिन्यात खापर गावाहून एका शिक्षिकेचा फोन आला. नवीनच बदली होऊन आल्या आहेत. क्रोटनची पानं गळत होती.

"पाणी किती घालता?" मी विचारलं.

"रोज. सकाळी जाताना आणि शाळेतून आल्यावर."

"मातीत बोट घालून बघा. दोन पेरं आत कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं."

"बोट कशाला, सर? चिखल दिसतोच आहे."

"मग तरी का घालता?"

"आल्यावर दुसरं कोण आहे इथं, ज्याचं काही करायचं?"

मग त्यांनीच हसून विचारलं, "तुमच्याकडे किती झाडं आहेत, सर?"

"एक."

"एकच? आणि सल्ला सगळ्या जिल्ह्याला!"

मी पण हसलो. फोन ठेवल्यावर गॅलरीचं दार उघडून त्या एकाकडे बघत उभा राहिलो.

नंदुरबारच्या थंडीला लाल रंग असतो. हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. गावाबाहेर मोकळ्या रानात पथाऱ्या पडतात, म्हणजे मिरची वाळत घालण्याची मैदानं. नजर जाईल तिथपर्यंत मिरची पसरलेली. सकाळी धुकं उतरलेलं, त्याखाली तो लाल पट्टा, आणि त्यात तोंडाला फडकी बांधून वाकलेल्या बायका. वारा गावाकडे वळला की सगळं गाव ठसकतं. शाळेत प्रार्थना चालू असताना ठसका, मशिदीत ठसका, बँकेच्या रांगेत ठसका. एस.टी.त झोपलेल्या प्रवाशाला गाव आलं हे कंडक्टरच्या आधी नाक सांगतं.

खालांचं पंचांग या ठसक्यावर चालायचं. पथाऱ्या पडल्या आणि त्यांना पहिला ठसका लागला की त्या पदरानं डोळे पुसत अंगणात येऊन जाहीर करायच्या, "चलो, आज से मोगरे का रोजा."

त्या दिवसापासून मोगऱ्याचं पाणी बंद. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. मी कॉलेजहून आलो, माती कोरडी दिसली, आणि तांब्या घेऊन निघालो. खाला ओरडल्या, "अरे, उसका रोजा तोडता क्या? गुनाह लगेगा तेरेको!"

"खाला, मरेल ना तो."

"कायको मरेगा? मैं मरती क्या रोजे में?"

आणि मग स्वतःच कानाला हात लावून, "तौबा, तौबा, झाड को कायका रोजा. अल्ला माफ करे." असं म्हणाल्या, पण तांब्या काही माझ्या हातात राहू दिला नाही.

आमच्याकडे शेतात लिंबाला, पेरूला असंच करतात. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाडाला ताण द्यायचा. मग छाटणी, खत, आणि पाणी. झाड खडबडून जागं झाल्यासारखं फुलतं. याला बहार धरणं म्हणतात. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं, पुढं पुस्तकांतून शिकलो, परीक्षेत लिहिलं, आता लोकांना सांगतो. मोगऱ्याची एक-एक पायरी मला पाठ आहे. थंडीत पाणी तोडा, पानं झडली की जुन्या फांद्या अर्ध्यावर छाटा, वरची माती उकरून मुळांना थोडं ऊन दाखवा, शेणखत घाला, मग भरपूर पाणी. उन्हाळ्याच्या तोंडावर कळ्या.

खालांच्या पद्धतीत याखेरीज आणखी एक गोष्ट होती. पथाऱ्या विरळ व्हायला लागल्या की त्या मोगऱ्याजवळ खुर्ची ओढून बसायच्या आणि अंगठ्याच्या नखानं खोडाची साल थोडीशी खरवडायच्या. आत हिरवं दिसलं की मान हलवायच्या. मग कात्री, मग बकरीच्या लेंड्यांचं खत. पाणी मात्र लगेच नाही. संध्याकाळ होऊ द्यायच्या. मगरिबची अजान झाली की तांब्यात गुळाचा खडा विरघळवून ते पाणी त्याच्या मुळाशी ओतायच्या आणि एक खजूर स्वतःच्या तोंडात टाकायच्या. "उसका रोजा छूटा, मेरा मुँह मीठा," असं म्हणून दुसरा खजूर मला द्यायच्या. गुळाचं पाणी द्या असं मी लेखात कोणाला लिहीत नाही. पण त्या संध्याकाळी मातीतून जो वास यायचा, तो मला अजून आठवतो. पाणी मुरताना बारीक आवाज व्हायचा. आम्ही दोघं तो ऐकत बसायचो.

बारावीनंतर मला धुळ्याला शेतकी कॉलेजात प्रवेश मिळाला. दादा अंगणात उकिडवे बसून जमिनीकडे बघत म्हणाले, "चार वरीस वावरमा कोन राबी, खाला?" आमच्या घराण्यात कॉलेज कोणी पाहिलं नव्हतं. दादांचं खोटं नव्हतं. खाला गादीला टाके घालत होत्या. सुई न थांबवता म्हणाल्या, "तुम्हारे वावर को दूसरा आदमी मिलेगा, भाऊ. इसको दूसरा बखत नहीं मिलेगा." दादांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "चहा ते पाज मंग."

धुळ्याचं ते पहिलं वर्ष. सगळं इंग्रजीत. मी कोरीट आणि नंदुरबारच्या मराठी शाळेत शिकलेला. वर्गात झाडांची नावंसुद्धा मला ओळखीची वाटेनात. घरी ज्याला आम्ही रोज तुडवत जायचो त्या गवताला तिथं लांबलचक लॅटिन नाव होतं. वसतिगृहात मुलं वाईट नव्हती, पण माझं अहिराणी वळणाचं बोलणं ऐकून हसायची. मी "माझा"ऐवजी "मन्हा" म्हणालो की तीन-चार जण एकदम "मन्हा, मन्हा" करायचे. चेष्टाच ती. पण मी हळूहळू बोलायचं बंद केलं. शनिवारी दुपारी वर्ग सुटला की पहिली एस.टी. धरून नंदुरबार. खाला खिचडी टाकायच्या. मी जेवून माझ्या जुन्या खोलीत झोपायचो. रविवारी निघायला उशीर व्हायला लागला, मग सोमवार बुडायला लागला. एका रविवारी मी खालांना सांगून टाकलं, की मला तिथं जमत नाही, पथारीवर तोलाईचं काम मिळतंय, ते करतो. त्या मिरचीचे देठ खुडत होत्या. खुडतच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या शनिवारी गेलो तर दार बंद.

शेजारच्या तुळसामावशी ओट्यावर मिरच्या निवडत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कोनी नही घरमा. खाला सुरतले गयी, पोऱ्याकडे, सलीमकडे."

"कव्हय येवाव शे?"

"माले काय माहीत, भाऊ? तू जाय आते. गाडी चुकी."

दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. सुरतेला जाणारं माणूस कुलूप लावून जातं. मी दोनदा कडी वाजवली. मग ओट्यावर बसलो. समोर तेलाच्या डब्यात मोगरा, पुरता झडलेला, काटक्या झालेला. ऊन उतरायला लागलं. वारा पथाऱ्यांकडून वळला, तुळसामावशींना ठसका लागला, मला लागला. आणि मग दाराच्या आतून, अगदी दाराला लागून, एक ठसका ऐकू आला. लगेच तोंडात काहीतरी कोंबून दाबलेला. मग पुन्हा एक, आणखी दाबलेला.

तुळसामावशींनी मिरच्यांचं सूप उगाच जोरजोरात पाखडायला सुरुवात केली.

मी उठलो. पिशवी उचलली. कडी पुन्हा वाजवली नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं धुळ्याला परत आलो. त्यानंतर वार्षिक परीक्षा होईपर्यंत नंदुरबारला गेलो नाही. त्या महिन्यांत मी काय केलं हे सांगण्यासारखं नाही. अभ्यास केला, दुसरं काही नव्हतंच करायला. इतकं एकटं मी आधी कधी राहिलो नव्हतो. एकदा लॅटिन नावं घोकता घोकता ती मला तोंडपाठ व्हायला लागली. एकदा वर्गात मी उत्तर दिलं. हसणाऱ्यांपैकी एक जण संध्याकाळी वही घेऊन माझ्या खोलीत आला.

परीक्षा संपवून गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि मोगरा पांढरा झाला होता. खाला म्हणाल्या, "आ गया? हात-पाँव धो, खिचडी गरम है." सुरतेचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. आजपर्यंत आम्ही त्या शनिवारबद्दल बोललेलो नाही.

त्या खऱ्याच सुरतेला गेल्या त्याला आता दोन उन्हाळे झाले. गुडघे गेले, घर एकटीला आवरेना, सलीमभाई न्यायला आले. मोगरा न्यायचं ठरत होतं, पण फ्लॅट चौथ्या मजल्यावर, खिडकीत ऊन येत नाही. नवापूरच्या स्टेशनवर गाडी थोडा वेळ थांबते. खालांनी दारातून डबा माझ्या हातात दिला. गाडी हलताना म्हणाल्या, "फूल आया तो बोल. मैं आऊँगी."

पहिल्या उन्हाळ्यात फूल आलं नाही. दुसऱ्याही नाही. पानं मात्र गर्द, टवटवीत, पाहणाऱ्यानं म्हणावं, काय जोपासलंय! मी त्याला पाणी तोडलंच नव्हतं. कारण अगदी साधं आहे. नवापूरला ठसका लागत नाही. इथं तुरीची शेतं आहेत, कोंबड्यांच्या शेडचा वास आहे, सुरतेकडे जाणाऱ्या गाड्यांचा आवाज आहे, पण पथाऱ्या नाहीत. थंडी यायची आणि जायची, मला कळायचंही नाही. आणि कळलं तरी काय? संध्याकाळी कुलूप उघडून आत आलो की तांब्या आपोआप हातात यायचा. खालांच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलेलं. त्याला उपाशी ठेवायचं? लोकांना मी काय सांगतो ते मला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

दिवाळीत मी सुरतेला गेलो होतो. खाला खिडकीशी बसलेल्या. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. टीव्हीवर सुनेनं प्लास्टिकचं झाड ठेवलेलं. त्याचं पान बोटांनी चाचपत म्हणाल्या, "इसको पानी नहीं लगता. धूप नहीं लगती. अच्छा है. मर भी नहीं सकता बेचारा." आणि हसल्या. ऐकायला त्यांना आता फार कमी येतं. फोनवर तर काहीच नाही. मी ओरडतो, "खाला, मोगरा!" तिकडून उत्तर येतं, "हाँ बेटा, खाया. तूने खाया?" आधी त्या प्रत्येक फोनवर विचारायच्या, "आया क्या?" आता विचारत नाहीत. ऐकू येत नाही म्हणून, की विचारून थकल्या म्हणून, मला कळत नाही.

दिवाळीनंतर काही दिवसांनी कामासाठी नंदुरबारला गेलो. स्टँडवर उतरलो आणि छातीत ओळखीची आग उठली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकलो. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "बाहेरगावना शेतस का?" परत आलो त्या दिवशी तांब्या कपाटात ठेवला आणि गॅलरीचं दार लावून घेतलं.

त्यानंतरची संध्याकाळ फार लांब असते, हे मला माहीत नव्हतं. एका तांब्याभर पाण्यानं आपला किती वेळ जात होता! आधी पानं पिवळी झाली. मग एक-एक करत गळाली. वाऱ्यानं ती गॅलरीत फिरायची आणि मला आत आवाज यायचा. आठवड्यातून एकदा माती बघायची, एवढंच. खूप जुनं झाड आहे, मुळं डब्याला भिडलेली आहेत. ताण सोसेल की नाही, याची खात्री मी दुसऱ्या कोणाला दिली नसती. मेलं तर खालांना सांगायला माझ्याकडे काही राहणार नाही, आणि त्यांना यायला कारण राहणार नाही. नखानं साल खरवडून पाहायची वेळ होऊन गेली तरी मी पाहिलं नाही. रोज उद्यावर ढकललं.

खापरच्या शिक्षिकेनं काल क्रोटनचा फोटो पाठवला. एक नवं पान, अजून गुंडाळलेलं. खाली लिहिलं होतं, "पाणी घालायच्या वेळेला आता शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते. तुमच्या एका झाडाचं काय?"

मी गॅलरीचं दार उघडलं. मग आत येऊन खालांना पत्र लिहिलं. त्यांचं चौथीपर्यंतचं शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत झालंय, अक्षर मोठं असलं की त्या वाचतात. ते आज टपालात टाकलं.

"प्रिय खाला,

सलाम. फोनवर तुम्हाला ऐकू जात नाही म्हणून लिहितो. मोठं लिहिलंय, चष्मा लावून सावकाश वाचा.

मोगऱ्याचा रोजा चालू आहे. दोन वर्षं मी धरलाच नव्हता, म्हणून फूल आलं नाही. तुमच्या झाडाची काही चूक नाही. या वर्षी नंदुरबारला ठसका लागला आणि पाणी बंद केलं. सगळी पानं झडली. मला भीती वाटत होती. आज नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं आहे, खाला. अगदी ओलं हिरवं.

छाटणी केली, लेंडीखत घातलं. पाणी घातलेलं नाही. तुम्ही म्हणाला होता, फूल आलं की सांग, मी येईन. पण मी फुलापर्यंत थांबत नाही. रोजा सोडायला तुम्ही या. सलीमभाईंशी बोललो आहे, ते रविवारी गाडीत बसवून देतील म्हणाले. मी स्टेशनवर असेन. जिना चढायला नको, डबा मी खाली अंगणात आणून ठेवतो, खुर्चीही. गूळ आहे. खजूर आणले आहेत.

आणखी एक. त्या शनिवारी तुम्ही घरात होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. दाराशी तुम्हाला ठसका आला होता. तुम्ही तो पदरानं दाबलात. त्या दिवशी दार उघडलं असतंत तर मी आत आलो असतो, आणि कायमचा आत राहिलो असतो. एवढं सांगायला मला इतकी वर्षं लागली.

नवापूरला पथाऱ्या नाहीत. पण मी नंदुरबारची लाल मिरची आणून ठेवली आहे. तुम्ही आलात की फोडणी देईन. ठसका लागला तर या वेळी दाबू नका. माझ्या घरात फार दिवस दुसरं कोणी ठसकलेलं नाही.

तुमचा,
योगेश"